काहीही सापडले नाही

माझी तक्रार तीन शब्दांबद्दल आहे. कार्यालयातल्या संगणकावर कुणी एखादं नाव टाकून शोध घेतला आणि ते मिळालं नाही, की पडद्याच्या मधोमध करड्या रंगात उमटतं: ‘काहीही सापडले नाही’. अशा शोधयंत्रणा बसवणं आणि सांभाळणं हे माझं काम. अकरा वर्षं तेच करते आहे. एवढ्या काळात हे वाक्य मी हजारो वेळा पाहिलं असेल, आणि त्यातल्या कितीतरी वेळा ते खोटं होतं. खोटं बोलण्याचा कुणाचाही हेतू नव्हता, तरी ते खोटंच होतं.

सध्या ज्या कार्यालयाचं काम माझ्याकडे आहे तिथे जुने अर्ज, ठराव, पावत्या, नोंदींचे उतारे असे लाखो कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत. खिडकीवर एक लिपिक बाई बसतात. आलेला माणूस काम सांगतो, बाई शब्द टाकतात, पडदा उत्तर देतो, आणि बाई मान वर करून ते उत्तर त्या माणसाला सांगतात. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिथे एक आजोबा आले होते, दोन एसट्या बदलून. त्यांना गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीच्या जुन्या नोंदीची नक्कल हवी होती. बाईंनी ‘पायऱ्यांची विहीर’ टाकलं, मग गट नंबर टाकला, मग आजोबांच्या वडिलांचं नाव टाकलं. तिन्ही वेळा तेच करडं वाक्य आलं. “आजोबा, तुमची नोंदच नाही,” बाई म्हणाल्या. आजोबांनी एवढंच विचारलं, “नाही म्हणजे? झालीच नव्हती?” बाईंकडे याचं उत्तर नव्हतं. मी त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी तिथेच, मागच्या टेबलावर बसले होते. माझ्याकडेही नव्हतं.

नोंद होती. पाच आठवड्यांनी मला ती सापडली. त्या एका कागदाला कुठे कुठे अडवलं गेलं होतं ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण अडवणारी प्रत्येक गोष्ट इतकी किरकोळ आहे की एरवी तिच्यावर कुणी चार ओळीही लिहिणार नाही.

आधी हे समजून घ्यायला हवं, की शोधयंत्रणा कागदांत शोधत नाही. ती सूचीत शोधते. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, अमुक शब्द तमुक पानांवर, तशीच ही सूची. आम्ही तिला इंडेक्स म्हणतो. जगभरातल्या पुष्कळशा शोधयंत्रणांच्या मुळाशी ‘लुसीन’ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. डग कटिंग या अमेरिकन प्रोग्रॅमरने ते १९९९ साली लिहिलं. शब्द तोडायचे, त्यांची रूपं एकसारखी करायची, सूचीत टाकायची, ही सगळी कामं ते करतं आणि फार वेगाने करतं. पण कागद सूचीत गेलाच नसेल, किंवा गेला पण वेगळ्या रूपात गेला, तर शोधणाऱ्याच्या लेखी तो कागद या जगातच नाही.

आजोबांचा कागद सूचीत गेलाच नव्हता. त्याचं कारण तारीख.

आमच्याकडे रोज रात्री एक जॉब चालतो. तो नवे कागद हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी आमच्या शोध-इंजिनाला देतो; हे इंजिन लुसीनवरच चालतं. इंजिनाला कुणी काही सांगून ठेवलं नसेल, तर पहिल्या कागदावरून ते स्वतःच ठरवतं की कुठल्या रकान्यात काय असणार. पहिल्या कागदात ‘नोंदीचा दिवस’ या रकान्यात नीट तारीख होती. इंजिनाने ठरवलं, हा तारखेचा रकाना. पुढे आजोबांचा कागद आला. स्कॅन करताना कुणा प्रामाणिक माणसाने त्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दिनांक नमूद नाही’. ही तारीख नव्हे, म्हणून इंजिनाने कागद नाकारला. नुसता तो रकाना सोडून दिला असता तरी चाललं असतं, पण नाकारला तो अख्खा कागद. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं, विहीर जागेवर होती. एका रकान्यासाठी सगळंच बाहेर राहिलं. चुकीचं मूल्य फक्त वगळून बाकीचा कागद आत घेण्याची सोय इंजिनात असते. ती आधीपासून चालू नसते, आणि आमच्याकडे ती कुणी चालू केली नव्हती.

मग हे नाकारलेलं कुणाला कळलं कसं नाही? इथे माझी सर्वांत जुनी तक्रार येते. गठ्ठा दिल्यावर इंजिन उत्तर देतं: २००. संगणकाच्या व्यवहारात २०० म्हणजे ठीक, काम झालं. मात्र गठ्ठ्याच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की गठ्ठा मिळाला आणि उघडून पाहिला. आत एक खूण असते, ‘चुका आहेत’ असं सांगणारी, आणि तिच्याखाली हजारच्या हजार कागदांचा वेगवेगळा निकाल असतो. नऊशे सत्तावन्न घेतले, त्रेचाळीस नाकारले, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. आमचा जॉब ते वाचत नव्हता. २०० दिसलं की तो पुढच्या गठ्ठ्याकडे वळायचा आणि सकाळी लॉगमध्ये ‘यशस्वी’ अशी ओळ लिहून ठेवायचा. ही गोष्ट इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत नमूद आहे हे मला मान्य आहे. ज्याने जॉब लिहिला त्याने ती वाचायला हवी होती, आणि तो सोडून गेल्यावर ज्या बाईने जॉब सांभाळायला घेतला तिनेही वाचायला हवी होती. ती बाई मीच. तरीही वाटतं, टपालाच्या पिशवीची पोच मिळाली म्हणून आतलं प्रत्येक पत्र घरोघर पोचलं असं कुठलाही पोस्टमन म्हणणार नाही. इतका साधा भेद वरच्या पाकिटावरच दिसायला काय हरकत होती?

नाकारलेल्या कागदांची मी पहिल्यांदा यादी काढली तेव्हा संख्येपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने माझी झोप गेली. बाहेर राहिलेले कागद कुठलेही नव्हते. ज्यांची तारीख पुसली गेली आहे, ज्यांच्यावर दोन तारखा आहेत, जे फार जुने आहेत, जे हाताने भरलेले आहेत, नेमके तेच बाहेर होते. छापील अर्ज, संगणकावरच जन्मलेल्या पावत्या, नीटनेटके नवे कागद सगळे आत होते. म्हणजे ज्याच्याकडे दुसरा पुरावा असण्याची शक्यता आहे त्याला कागद मिळत होता, आणि ज्याच्याकडे या एका कागदाशिवाय काही नाही त्याला ‘नाही’ सांगितलं जात होतं.

मी जॉब दुरुस्त केला, तारखेच्या रकान्याची व्याख्या बदलली, सगळे कागद पुन्हा सूचीत घातले. एक पूर्ण शनिवार-रविवार त्यात गेला. सोमवारी सकाळी मी ‘पायऱ्यांची विहीर’ टाकून शोधलं.

काहीही सापडले नाही.

आता अडवणूक भाषेची होती. कागदावर लिहिलं होतं, ‘पायऱ्यांच्या विहिरीची नोंद’. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला सामान्यरूप माहीत असतं. प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो, विहीरचं विहिरी होतं, पाणीचं पाण्या होतं, फूलचं फुला होतं. सूचीला हे शिकवलेलं नसेल तर तिच्या दृष्टीने ‘विहीर’ आणि ‘विहिरीची’ हे दोन परके शब्द. ‘पायऱ्यांची’ आणि ‘पायऱ्यांच्या’ हेही परके.

त्यात पुन्हा ‘ऱ्या’. हा अर्धा र मराठीत नेहमी लागतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर खाली टिंब असलेलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. नाही तर साधा र, पायमोड, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही रीती प्रमाण आहेत, पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकाच्या आत मात्र त्या वेगळ्या. स्कॅन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने एक रीत वापरली होती, बाईंचा कीबोर्ड दुसरी वापरत होता. आपण डोळ्यांनी दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले तर शपथेवर सांगू की हा एकच शब्द आहे. ‘ॲ’चंही असंच. ‘ॲ’ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र चढवून काम भागवत, काही जण ‘ऍ’ वापरत. तिन्ही रूपांतले कागद आमच्याकडे आहेत. युनिकोडचं स्वतःचं जे एकसारखं करण्याचं तंत्र आहे तेही यांना एक मानत नाही.

आणि गट नंबर? कागदावर १२४ देवनागरी अंकांत होता. बाईंनी खिडकीवर इंग्रजी आकड्यांत टाकला होता, कारण त्यांच्या कीबोर्डच्या अंकांच्या खणातून तेवढेच आकडे येतात.

लुसीनमध्ये वेगवेगळ्या भाषांसाठी तयार साचे असतात. हिंदीचा आहे, बंगालीचा आहे, पुढे तमिळ, तेलुगू, नेपाळीचेही आले. मी वापरते त्या आवृत्तीत मराठीचा नाही. तेव्हा सगळे जण करतात तेच मी केलं. लिपी एकच म्हणून हिंदीचा साचा लावला. त्याने बरंच काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. देवनागरी आणि इंग्रजी आकडे त्याने एक केले. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसला. ‘ऱ्या’ची दोन्ही रूपं एकत्र आणली. पण ती आणताना त्याने ‘ऱ’चा सरळ ‘र’ केला आणि पायमोड काढून टाकला. हिंदीत या ‘ऱ’चा फारसा उपयोग नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे योग्यच. आपल्याकडे मात्र दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना दिलेलं मानधन आणि आचाऱ्यांना दिलेलं मानधन यांत फरक असतो, आणि लेखापरीक्षणात तो विचारला जातो. साच्याने ही दोन्ही एकच करून टाकली.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. प्रत्येक साच्यात बिनमहत्त्वाच्या शब्दांची एक यादी असते. हे शब्द इतके वारंवार येतात की सूचीत ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ते गाळले जातात. हिंदीच्या यादीत ‘कर’ आहे, ‘करून’ या अर्थाचा. आणि ‘घर’ही आहे. मला याचा पत्ता लागला तो वसुली विभागातून फोन आला तेव्हा. त्यांनी शोधायला नुसतं ‘कर’ टाकलं होतं. ज्या कार्यालयाची निम्मी कागदपत्रं कराची, तिथल्या पडद्यावर ते तीन करडे शब्द. मग मी ‘घर’ टाकून पाहिलं. तेच. परक्या भाषेच्या सोयीसाठी केलेल्या यादीतून आपले ‘कर’ आणि ‘घर’ हे दोन शब्द मुकाट्याने बाहेर पडले होते आणि इंजिनाने त्याची कुठेही तक्रार नोंदवली नव्हती. इंजिनाच्या लेखी ही चूक नव्हतीच. सांगितलं तसं त्याने केलं होतं.

त्या पावसाळ्यात मी आमच्यापुरता मराठीचा साचा शिवला. हिंदीच्या साच्यातून उपयोगाचं तेवढं घेतलं, गाळायची यादी फेकून दिली, जोडचिन्हाचा ‘ऱ्या’ आधीच दुसऱ्या रीतीत वळवून घेतला, आणि प्रत्यय तोडण्याचे नियम स्वतः लिहिले. ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय तोडायला गेले तर ‘शेत’मधून ‘शे’ उरला आणि ‘भात’मधून ‘भा’. अपवादांची वही केली. ती अजून भरते आहे. ‘विहीर’ टाकल्यावर आजोबांचा कागद पडद्यावर आला त्या दिवशी संध्याकाळ झाली होती आणि दाखवायला मजल्यावर कुणी नव्हतं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगते. जोडलेल्या फाइलींमधला मजकूर काढताना आमचं इंजिन पहिली एक लाख चिन्हं घेतं आणि थांबतं. कुणी मुद्दाम मर्यादा उठवली नाही तर पुढचं सूचीत जात नाही. इथे अक्षरं मोजली जात नाहीत, चिन्हं मोजली जातात. ‘स्त्री’ हा एकाक्षरी शब्द सहा चिन्हांचा होतो. ठरावांच्या जाड पुस्तकांचा उत्तरार्ध आमच्याकडे कित्येक महिने कुणालाच दिसत नव्हता. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांतल्या फायली तर इंग्रजी अक्षरांचा काला म्हणून आत जातात. सूची तो आनंदाने घेते. डिस्क ९५ टक्के भरली की इंजिन नवे कागद घेणं बंद करतं. शोध चालू राहतो, त्यामुळे खिडकीवर कुणाला काही जाणवत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये जागा रिकामी केल्यावरही तो अडसर हाताने काढावा लागतो. हे मी एका दिवाळीच्या सुट्टीनंतर शिकले.

पुन्हा प्रयत्न करण्याबद्दल मात्र थोडं जास्त बोलायचं आहे. आमच्या जॉबमध्ये कुठलीही चूक आली की तीनदा प्रयत्न करायचा आणि सोडून द्यायचं, असा नियम होता. चुका दोन जातींच्या असतात. इंजिन म्हणतं, आता फार गर्दी आहे. तिचा क्रमांक ४२९. किंवा म्हणतं, हा कागद मला समजत नाही; तो ४००. एसटी भरलेली असेल तर पुढच्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ आहे. गाडी त्या गावाला जातच नसेल तर स्टँडवर तीन काय, तीस गाड्या पाहिल्या तरी उपयोग नाही. चौकशीच्या खिडकीवर जाऊन माणसाशी बोलावं लागतं. आमचा जॉब गर्दीला कंटाळून चांगले कागद तिसऱ्या प्रयत्नानंतर टाकून देत होता, आणि न समजणारे कागद माणसापर्यंत पोचवत नव्हता. आता मी गर्दीसाठी थांबण्याचा वेळ दर वेळी वाढवत नेते, आणि न समजलेले कागद एका वेगळ्या यादीत ठेवते, कारणासकट. त्या यादीचं नाव मी ‘अडलेले’ ठेवलं आहे.

या कार्यालयाच्या तळमजल्यावर अभिलेख कक्ष आहे. तिथले काका निवृत्तीला आले आहेत. त्यांच्याकडे फाइल मागितली तर तीन उत्तरं मिळतात. ‘आहे’. ‘नाही’. आणि ‘बघावं लागेल’. तिसऱ्या उत्तराचे पोटभेद आहेत: कपाटाची चावी साहेबांकडे आहे, फाइल बाहेर गेली आहे आणि कुणाकडे ते रजिस्टरात आहे, किंवा तो गठ्ठा पावसात भिजला होता म्हणून अजून उघडलेला नाही. ‘नाही’ म्हणण्याआधी काका स्वतः उठून जातात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांमधून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमधून, रियासतकार सरदेसाईंनी निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. त्या खंडांत एखादं पत्र नाही म्हणून ते लिहिलंच गेलं नव्हतं असं कुठला अभ्यासक म्हणत नाही, कारण न उघडलेले रुमाल मागे आहेत हे त्याला ठाऊक असतं. खिडकीवरच्या बाईंना मागे काय न उघडलेलं आहे हे ठाऊक होण्याची सोयच आम्ही ठेवलेली नाही.

म्हणून मी एक बदल सुचवला. शोध रिकामा आला तर पडद्यावर असं यावं: ‘या शब्दांनी सूचीत काही मिळालं नाही. सूचीत न आलेले कागद: इतके.’ दोन वाक्यं आणि एक आकडा. आकडा माझ्याकडे तयार असतो. बैठकीत सांगण्यात आलं, की याने वापरणाऱ्यांचा गोंधळ होईल आणि यंत्रणेवरचा विश्वास कमी होईल. मी म्हटलं, विश्वास कमीच व्हायला हवा, त्या आकड्याइतका. टिकेट नोंदवलं गेलं. प्राधान्य: कमी. त्याला आता एकोणीस महिने झाले.

मी कार्यालयाला आजोबांच्या नावे पत्र पाठवायला लावलं: नोंद मिळाली आहे, नक्कल घेऊन जावी. ते आले नाहीत. त्यांची सून आली. नक्कल तिने दोनदा वाचली, मग विचारलं की तेव्हा ‘नाही’ का सांगितलं होतं. लिपिक बाईंनी मला बोलावून घेतलं. मी तारखेच्या रकान्याचं सांगितलं. तिला ते कळलं, लगेच कळलं. ती म्हणाली, “मग तसंच सांगायचं ना, की अजून बघायचं राहिलंय.”

त्या आठवड्यापासून मी रोज सकाळी साडेदहाला ‘अडलेले’ यादीतला आकडा लिपिक बाईंना फोनवर सांगते. त्या तो पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर लिहितात आणि पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवतात. आज तो ६१ होता.